ताईच्या व्हिडिओची लिंक

थांबा, हे आत्ताच सांगते, माझ्या पोटात राहणार नाय! मराठी टायपिंगचं एक मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आम्ही काही जण मिळून सांभाळतो. ते कसं वापरायचं हे सांगणाऱ्या पानांवर बाहेरच्या कोणत्या लिंक ठेवायच्या, हे ठरवायचं काम माझ्याकडं आलं. नियम साधा होता. लिंक उघडली की वाचणाऱ्याचं अडलेलं काम तिथं लगेच झालं पाहिजे.

पहिलीच लिंक निघाली माझ्या ताईच्या व्हिडिओची. ती पुंडलिकनगरात टायपिंगचा क्लास घेते. सॉफ्टवेअर कसं टाकायचं ते तिनं लई भारी सांगितलंय, पण आधी कितीतरी वेळ क्लासचीच जाहिरात. त्या लिंकमुळं तिच्याकडं पोरं यायची.

तिच्या घरी चहा पिता पिता मी भीतभीतच म्हणलं, "ताई, लिंक काढावी लागंल."

"व्हय का? माझ्याच घरचा चहा पिऊन माझीच लिंक काढती!"

तिनं माझ्यापुढचा कपच उचलून घेतला. मला वाटलं, एका लिंकपायी बहीण गेली.

"तू सांगितलेलंच पानावर लिहून दे की," मी म्हणलं.

"आन् जाहिरात?"

"नाय."

"लई कडू हायेस तू," म्हणत तिनं लॅपटॉप ओढला आणि चित्रांसकट सगळं लिहून काढलं. मग मी लिंक काढली. "काढ, काढ," ती म्हणाली, पण स्क्रीनकडं काही बघितलं नाय.

घरच्याच माणसाला 'हे इथं बसत नाय' म्हणायची वेळ तुमच्यावर कधी आलीय का?