येथे खेळणे सक्तीचे आहे

पेंटरांची आणि माझी ओळख वरून खाली झाली. मी नवा शर्ट घालून इमारतीच्या दारातून बाहेर पडलो आणि आभाळ फाटून हिरवा रंग माझ्या डोक्यावर आला. थेंबबिंब नव्हे, अख्खा डबा. त्या क्षणी माझ्या टकलावर जेवढी हिरवळ होती तेवढी आमच्या सगळ्या वस्तीत नव्हती. दोन कबुतरं आशेनं घिरट्या घालून गेली. वर पाहिलं तर शिडीवर एक किडकिडीत गृहस्थ पाटी ठोकत होते. पाटीवर सुबक अक्षरांत लिहिलं होतं, ‘सावधान, वर काम चालू आहे.’

“लावतच होतो,” ते म्हणाले. “तुम्ही जरा लवकर आलात.”

पेंटर आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत. आसपासच्या गल्ल्यांतली झाडून सगळ्या पाट्या त्यांच्या हातच्या. थुंकू नये, टेकू नये, वाहन लावू नये. पण सगळ्यात जास्त खप ‘येथे खेळू नये’चा. त्यातला ‘नये’ ते असा काढत की भलताच दांडगट माणूसही वाचून मुकाट्यानं मागे फिरावा.

त्यांची एकुलती एक मुलगी ठकी तेराव्या वर्षी शाळेच्या तपासणीत सापडली. डॉक्टरीणबाईंनी वजनकाट्याकडे बघत विचारलं, “काय खेळतेस?”

“मोबाइलवर, की खरंखरं?” ठकीनं विचारलं.

तिचा तरी काय दोष? शाळेची बस दारात येई, घरापर्यंत लिफ्ट नेई आणि लिफ्टला खेटून वेफर्सचं दुकान. जिना चढताना दम लागतो म्हणून ती चढत नसे, आणि चढत नसे म्हणून दम लागे. बाई म्हणाल्या, “रोज तासभर पळू दे. सहा महिन्यांनी आणा. तेव्हाही दम लागला तर मात्र रक्त काढून बघू.” सुईचं नाव ऐकून पेंटर पांढरेफटक पडले. ठकीनंच त्यांना धरून खुर्चीवर बसवलं.

त्याच संध्याकाळी बापलेक पळायला जागा शोधत निघाले. बागेत गेले, तर ‘गवतावर पाय ठेवू नये’. शाळेमागच्या मोकळ्या जागेत ‘फक्त शिक्षकांच्या गाड्या’. रिकाम्या प्लॉटवर ‘आत शिरल्यास कारवाई’. प्रत्येक ठिकाणी पेंटर क्षणभर थांबून स्वतःचं अक्षर न्याहाळत.

“बाबा, हे तुम्हीच लिहिलंय.”

“हो ना. रंग बघ, अजून हललेला नाही.”

“मग पळायचं कुठे?”

पेंटर इमारतीच्या सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी म्हणाले, “आवारात ‘खेळू नये’ची पाटी आहे.”

“ती मीच रंगवली.”

“मग तुम्हाला तर आधी माहीत पाहिजे.”

घरी ठकीनं आणखी एक अडचण काढली. “आणि एकटी कोण पळतं, बाबा? चोरसुद्धा मागे कुणी असेल तरच पळतो.”

पेंटर गॅलरीत रंगाचे डबे घेऊन बसले. त्यांना लिहायचं होतं, ‘येथे खेळण्यास परवानगी आहे.’ पण उभ्या आयुष्यात त्यांनी परवानगी रंगवलेली नव्हती. अक्षरं बावळट येऊ लागली, ओळ उतरणीला लागली. तीनदा पुसल्यावर पेंटरवहिनी म्हणाल्या, “जे जमतं ते लिहा ना. सगळ्यांना खेळू नका म्हणून दम देता, तसाच खेळा म्हणून द्या.”

सकाळी आवारात जुन्या पाटीच्या जागी नवी पाटी होती: ‘येथे रोज संध्याकाळी ५ ते ७ चेंडू खेळणे सक्तीचे आहे. हुकमावरून.’

सेक्रेटरींनी चष्मा पुसून ती पुन्हा वाचली. “हुकूम कुणाचा?”

“वरून आलेला दिसतोय,” बँकेतून निवृत्त झालेले आजोबा म्हणाले.

“पण वरून म्हणजे कुठून?”

“अक्षर बघा की. असल्या अक्षरात खोटं कोण लिहील?”

वर म्हणजे चौथा मजला, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाच वाजता सेक्रेटरी पायजम्याची नाडी घट्ट बांधून हजर झाले. आजोबा गोलमध्ये खुर्ची टाकून बसले. मलाही जावं लागलं. डोक्यावर पडण्यासारखं आता नवीन काही उरलं नव्हतं. सेक्रेटरींनी पहिली लाथ हाणली, ती चेंडूला सोडून सगळ्याला लागली. त्यांची चप्पल उडून आजोबांच्या मांडीत गेली आणि आजोबांनी ती चोख अडवली.

ही मजा बघायला इमारतीतली पोरं मोबाइल बंद करून खाली आली. आम्हाला चेंडू लागेना, तशी आधी हसली, मग वैतागली, आणि शेवटी “काका, तुम्ही जरा बाजूला बसा” म्हणून स्वतःच खेळू लागली. कुणीतरी हाक मारली, “ठके, येतेस का? एक गडी कमी आहे.” ठकी जिन्यानंच धावत उतरली. लिफ्टची वाट बघायला तिला वेळ नव्हता.

सहा महिन्यांनी वजन होतं तेवढंच भरलं, पण मुलगी उंच झाली होती आणि दवाखान्याचा जिना न थांबता चढून आली होती. डॉक्टरीणबाईंनी सुई काढलीच नाही. पेंटर मात्र सवयीनं खुर्चीवर बसले.

पुढे दोन वर्षं ठकी रोज खेळली. मग शाळेचं शेवटचं वर्ष आलं आणि तिला क्लास लागला, संध्याकाळी पाच ते सात. क्लासची पाटी पेंटरांनीच रंगवली.