शेगावची वेळ

अमरावतीहून मुंबईला विमानानं जेमतेम पावणेदोन तास! आनंदानं मला खुर्चीत बसवत नव्हतं. शेजारी बाबा मात्र सारखे घड्याळ बघत होते. आयुष्यभर बडनेऱ्याहून रेल्वेनं मुंबई गाठलेला माणूस. पावणेदोन तासांनी शेगाव आलं, की खिडकीतून महाराजांना हात जोडायचे, हा त्यांचा नेम.

"अहो बाबा, शेगाव केव्हाच मागं पडलं!" मी चिडलेच.

"तू चूप बस. अजून टाइम नाई झाला."

ठरल्या वेळेला त्यांनी डोळे मिटून हात जोडले. तेवढ्यात चाकं दाणकन धावपट्टीला टेकली. बाबांनी डोळे उघडले, बाहेर मुंबई पाहिली.

"पाय वं पोरी," ते म्हणाले, "आज महाराज मले सोडाले मुंबईपर्यंत आले."