ताईंची औषधांची वही

इचिकावात आमच्याच इमारतीत, दोन मजले वर, एक ताई राहतात. सख्ख्या नव्हेत. पण जपानात आल्या आल्या ज्या बाईने मला जळणारा कचरा कुठल्या वारी, बाटल्या कुठल्या वारी, झाकण कुठे नि लेबल कुठे हे शिकवलं, तिला ताई नाही तर काय म्हणायचं? माझ्या पिशवीत काही चुकलं तर त्या गुपचूप खाली जाऊन नीट लावून यायच्या. अशा बाईवर संशय घ्यायला माणूस फार वेगळ्या मातीचा लागतो, आणि मी त्या मातीची नव्हते.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत माझ्या लघवीत प्रोटीन निघालं, रक्तदाबही वाढलेला. किडनीच्या डॉक्टरांनी रोज सकाळी घ्यायची एक बारीकशी गोळी दिली आणि दर दोन महिन्यांनी यायला सांगितलं. चाळिशीत जन्मभराची गोळी! आमच्या माहेरी 'एकदा लागली की सुटत नाही' असं गोळीबद्दल बोलतात, दारूबद्दल बोलावं तसं. मी घाबरले होते आणि कुणीतरी 'याची गरज नाही' म्हणावं म्हणून आसुसले होते.

ते ताई म्हणाल्या.

"अगं वेडे, मलाही हेच होतं. मी चहाने बरी झाले."

स्टेशनजवळ एक म्हातारी चिनी बाई जडीबुटीचं दुकान चालवते, तिच्याकडून ताई पाकीट आणायच्या. काळे सोयाबीन, काळे तीळ, लाल गोजी, कसली कसली मुळं. "किडनीला काळं आवडतं," ताई म्हणायच्या. "पाय गार पडतात, कंबर धरते, केस पिकतात, सगळं किडनीचं. चिनी लोक हजारो वर्षं हेच पितात." आता माझी अक्कल बघा. मला जपानी बोलता येतं, कांजी, म्हणजे इथली चिनी वळणाची अक्षरं, मात्र बेताचीच वाचता येतात. पण रिपोर्टवरचं एक अक्षर मी घोकून ठेवलं होतं: 'जिन', म्हणजे किडनी. तेच अक्षर पाकिटावर ठसठशीत छापलेलं. परदेशात आपल्याला वाचता येणारं एक अक्षर सापडलं की आपण त्याला देव मानतो.

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीने ताईंना सरळ विचारलं, "म्हणजे गोळ्या पूर्ण बंद?"

"एकही नाही. चार वर्षांत घरात गोळी आणलेली नाही."

दुसऱ्या दिवशी मी माझी गोळी बंद केली. नवरा म्हणाला, "डॉक्टरांना विचार तरी." मी म्हटलं, डॉक्टर कधी सांगतील का, आमची गोळी नको म्हणून? पुढच्या तारखाही मी चुकवल्या. सकाळ-संध्याकाळ चहा उकळायचे. गोडसर लागायचा, पहिल्याच घोटाला ज्येष्ठमध ओळखलं. लहानपणी घसा बसला की आई चघळायला द्यायची ते. ज्येष्ठमधाने कधी कुणाचं वाईट झालंय?

पावसाळा सुरू होईपर्यंत माझं डोकं रोज ठणकायला लागलं होतं आणि संध्याकाळी मोजे पायात रुतून खोल वळ उमटायचे. "शरीर साफ होतंय," ताई म्हणाल्या. ते मला पटलं, याचा आज सगळ्यात जास्त राग येतो.

मग ताई सायकलवरून पडल्या. पाय मुरगळला. मी म्हटलं, औषध मी आणते. त्यांनी डॉक्टरची चिठ्ठी दिली आणि घाईघाईत पर्समधून 'ओकुसुरी तेचो' काढून दिली. ही औषधांची वही इथे बहुतेकांकडे असते. औषध घेतलं की फार्मसीवाले त्यात त्याचं स्टिकर चिकटवतात.

फार्मसीतल्या मुलीने वही उघडली, पानं मागे चाळली आणि हळू आवाजात म्हणाली, "यांची किडनीची औषधं चालू आहेत. ही दुखण्यावरची गोळी चालणार नाही बहुतेक. डॉक्टरांना फोन करून विचारते."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होतेय. तिने वही माझ्याकडे वळवली. औषधांची नावं कातकाना या सोप्या लिपीत असतात, ती मला वाचता येतात. माझ्याच गोळीचं नाव. पानामागून पान, दर महिन्याला, न चुकता. शेवटचं स्टिकर गेल्याच महिन्याचं.

वर जाऊन मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ताई, तुम्ही गोळी घेता?"

त्यांनी वही पर्समध्ये टाकली. "चहापण घेतेच की."

"मी बंद केली. तुमच्या शब्दावर."

"सगळ्यांसमोर एकदा बोलून गेले गं. मग ते परत घेता येईना. आणि तू बंद करशील असं मला काय माहीत? तू तरी कुठे विचारलंस?"

खरंच, मी विचारलं नव्हतं. ज्यांनी माझा कचरासुद्धा तपासला, त्यांना पुन्हा काय विचारायचं असतं?

डॉक्टरांकडे पाकीट घेऊन गेले. त्यांनी ते उलटंसुलटं वाचलं आणि म्हणाले, "कान्झो." मला वाटलं, लिव्हर. तोही शब्द कान्झोच. माझं लिव्हर ठीक आहे म्हटलं, तर त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: हे दुसरं कान्झो, ज्येष्ठमध. रोज, इतकं प्यायलं तर रक्तदाब वाढतो. आणि पाकिटावरचं ते जिन? चिनी वैद्यकात जिन म्हणजे माणसाचं मूळ बळ, उमेद, म्हातारपण लांबवणारं काहीतरी. ही जी किडनी तुमच्या पाठीत दोन्ही बाजूंना आहे, तिच्याबद्दल ते पाकीट काहीच म्हणत नाही. अक्षर एकच आहे, एवढंच. रक्ताचा रिपोर्ट पुढे सरकवून ते म्हणाले की किडनीचं काम जितकं कमी झालंय ते बहुतेक भरून येणार नाही, उरलंय ते सांभाळायचं. आता गोळ्या दोन आहेत.

रविवारी ताई लंगडत खाली आल्या, डब्यात बिनमिठाचे पोहे घेऊन. दारातच उभ्या राहिल्या. मुलीच्या स्थळांचं सांगितलं, घरात किडनीचं आहे हे कळलं तर लोक काय म्हणतील ते सांगितलं, डोळे पुसले. "मंडळात कुणाला बोलू नकोस हं," म्हणाल्या.

मी डबा हातात धरून उभी होते. खोटं बोलल्या ते मी कदाचित विसरलेही असते. मी फक्त एका प्रश्नाची वाट बघत होते. त्यांनी पायाचं सांगितलं, पावसाचं सांगितलं, डबा सावकाश दे म्हणाल्या आणि लिफ्टमध्ये शिरल्या. माझा रिपोर्ट काय आला, ते त्यांनी विचारलं नाही.