खालचा दात

हेल्सेले गावात होय म्हणायला कुणी तोंड उघडत नाही. ओठांचा चंबू करायचा आणि श्वास सुर्रकन आत ओढायचा, झालं होय म्हणून. नवखा माणूस दचकतो, समोरच्याला धाप लागली की काय म्हणून. नाही म्हणायला मात्र अख्खा शब्द लागतो, त्यामुळे इथली माणसं नाही सहसा म्हणत नाहीत. आणि मनातलं सांगायचं तर वाक्यंच्या वाक्यं खर्ची पडतात, म्हणून त्या भानगडीत कुणी पडतच नाही. स्वीडनच्या उत्तरेला, समुद्रापासून दोनशे किलोमीटर आत, पाइनच्या जंगलात वसलेल्या या गावाला बोलण्याचं एवढं वावडं का, ते देवच जाणे. तूवा बुर्मान याच गावची, आणि तिचं जे झालं ते या वावड्यापायीच झालं.

तूवाचा बाप रोलँड गावच्या बर्फाच्या हॉलचा रखवालदार. बर्फ गुळगुळीत करणारं यंत्र चालवायचं, दिवे बघायचे, आणि मागच्या खोलीत दगडी चाकावर हॉकीच्या स्केटना धार लावायची. तीस वर्षं हेच काम. गावातल्या प्रत्येक हॉकीवाल्याच्या पायाखालची धार रोलँडची. सामना जिंकला की पोरं खोलीत डोकावून म्हणायची, "रोलँड, आज तुझं पातं लोण्यातून चालल्यागत चाललं." रोलँड श्वास आत ओढायचा आणि कामाला लागायचा. पण कान लाल व्हायचे.

तूवा सहा वर्षांची असताना तिची आई किनाऱ्याच्या शहरात दुसऱ्या संसाराला निघून गेली. हॉलची किल्ली बापाकडे, आणि पोरीला घरी एकटी ठेवायची कशी? म्हणून पहाटे साडेपाचला तीही त्याच्याबरोबर हॉलवर यायची. शाळेआधीचा तो बर्फ फिगर स्केटिंगवाल्या मुलींचा. संध्याकाळचा, दिवे लावलेला, लोक बघायला येतात तो बर्फ हॉकीचा. ही वाटणी कुणी केली नव्हती, आणि कुणी मोडलीही नाही. हॉकीची पोरं मुलींना "राजकन्या" म्हणायची. "राजकन्यांनो, खड्डे पाडून ठेवू नका, आम्हाला खेळायचंय." तूवा तेवढ्यात आणखी एक उडी मारून घ्यायची.

पोरीच्या अंगात काहीतरी होतं, ते आनेलीनं ओळखलं. आनेली फिनलंडहून लग्न करून इथे आलेली बाई, मुलींना शिकवायची. तिच्या तोंडून कौतुक बाहेर पडायचं ते वर्षातून एकदा, आणि तेही दुसऱ्या कुणाशी बोलताना. तूवाला ती एवढंच म्हणायची, "पुन्हा." दहाव्या वर्षी पुन्हा, तेराव्या वर्षी पुन्हा. बाहेर उणे अठ्ठावीस, आत उणे चार, आणि ही पोरगी पडते, उठते, पुन्हा. पंधराव्या वर्षी ती जिल्ह्यात पहिली आली. सोळाव्या वर्षी तिला ट्रिपल लुट्झ ही अवघड उडी जमली. मागे सरकत यायचं, उजव्या पायाचं टोक बर्फात रोवायचं, त्याच्या जोरावर हवेत तीन गिरक्या घ्यायच्या आणि त्याच पायावर उतरायचं. त्या दिवशी रोलँडनं घरी पाल्ट केले. बटाट्याच्या उंड्यात डुकराचं मांस, वर लोणी आणि लिंगनबोरांचा मुरंबा. चौथा पाल्ट त्यानं न विचारता तिच्या ताटात टाकला.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हॉकीच्या स्केटचं पातं टाचेपासून टोकापर्यंत सरळसोट असतं. फिगर स्केटच्या पात्याला पुढे दात असतात आणि त्यातला सगळ्यात खालचा दात मोठा असतो. टोक रोवायचं ते त्या दातावर. धार लावताना दगड दाताच्या अलीकडे थांबवायचा असतो. म्हणून तूवाचे स्केट महिन्यातून एकदा बसच्या पार्सलनं उमेओ शहराला जायचे. तिथे एक म्हातारा होता, तो आयुष्यभर फक्त हेच काम करत आला होता.

रोलँडला ते लागायचं. हसण्यावारी न्यायचा, पण लागायचं.

"तुझे ते दातवाले बूट एकदा माझ्या दगडावर येऊ देत की," तो म्हणायचा. "उमेओचा म्हातारा काय सोन्याचा मुलामा देतो का?"

"पप्पा, तू पोरांचे स्केट घास. माझे राहू दे."

"अख्ख्या गावाला धार मी लावतो. आणि माझ्याच घरचे बूट बसनं गावोगाव हिंडतात."

"त्यांना फिरायला आवडतं."

तो हसायचा, कान लाल करून.

तूवा अठरा वर्षांची झाली त्या हिवाळ्यात राष्ट्रीय स्पर्धा सुंड्सवालला होत्या. आनेलीनं एकदाच, मोजून सांगितलं, "पहिल्या तिघींत आलीस तर देशाच्या कनिष्ठ संघात. पुढच्या वर्षी वयात बसणार नाहीस. म्हणजे हीच." एवढं बोलून ती धाकट्या मुलींना घेऊन पाच दिवस आधीच पुढे गेली. तूवा बापाबरोबर मोटारीनं मागून जाणार होती.

आणि वादळ आलं. दोन दिवस रस्ते बंद, बस बंद, स्केट घरातच. धार तर बोथट झालेली. तूवा खिडकीशी उभी राहून रस्ता साफ करणाऱ्या गाडीची वाट बघत होती. रोलँड मागे कॉफी पीत बसला होता. या वेळी त्यानं विनोदसुद्धा केला नाही, आणि त्यामुळेच तिला राहवलं नाही. बारा वर्षं हा माणूस तिच्यासाठी पहाटे साडेपाचला कुलूप उघडत आला होता.

"पप्पा," ती म्हणाली, "तू लावशील?"

त्यानं श्वास आत ओढला, कप खाली ठेवला आणि बूट घालायला उठला.

तो दोन तास खोलीत होता. सगळ्यात बारीक दगड लावला, पातं तेलानं पुसलं, मऊ कापडानं चमकवलं. इतक्या जिवापाड त्यानं कधी कुणाच्या स्केटना धार लावली नसेल. दाताचं त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण तीस वर्षांची सवय हातात मुरलेली. दगड टाचेपासून निघाला की टोकापर्यंत जाणार, दर फेरीला थोडं पातं घासणार, आणि दर फेरीला थोडा दात. शेवटी पातं इतकं सरळ आणि सुंदर दिसायला लागलं की त्यानं ते दिव्यासमोर धरून दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तूवा बर्फावर उतरली. धार सुरेख होती. मग तिनं पहिल्या उडीसाठी टोक रोवलं, आणि टोक रुतलंच नाही, घसरत गेलं. ती पडली. उठली, पुन्हा केलं, पुन्हा घसरलं. कठड्याला टेकून तिनं पाय उचलून पाहिलं तर खालचा दात जवळजवळ नाहीसा झाला होता, दोन्ही पायांचा. जिथे तो असायला हवा तिथे चकचकीत गोलाई होती.

नवी पाती मिळाली असती ती स्टॉकहोमला, आणि पायाला सरावायला आठवडे लागले असते. जुना जोड आनेलीकडच्या एका धाकट्या मुलीला देऊन झाला होता. स्पर्धा दोन दिवसांवर.

कठड्यापलीकडे बाप कॉफीचा थर्मास घेऊन उभा होता.

"कशी झाली धार?"

तूवानं त्याच्याकडे पाहिलं. तो चेहरा तिनं पुन्हा कधी पाहिला नाही, आधीही नव्हता पाहिला. शाळेत चित्र दाखवायला उभ्या राहिलेल्या मुलासारखा.

"छान," ती म्हणाली.

तो एक शब्द तिला महाग पडला. पण त्या वेळी तिला दुसरं काही सुचलं नाही. आणि खरं सांगायचं तर त्या गावात कुणालाच सुचलं नसतं.

सुंड्सवालला सरावाच्या वेळी तिनं पोटदुखीचं निमित्त करून उड्या टाळल्या. आनेली डोळे बारीक करून बघत राहिली, पण घाबरली असेल असं समजली. स्पर्धेच्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीबाहेर लांब बाकावर सगळ्या मुली स्केट बांधत बसल्या होत्या आणि रोलँड तिची पिशवी सांभाळत समोर उभा होता. तिनं वर पाहिलं तेव्हा तो मान खाली घालून कुठेतरी बघत होता. दमला असेल, दोनशे किलोमीटर बर्फातून गाडी हाकली त्यानं, असं तिला वाटलं.

"जा," तो म्हणाला. "जा, पोरी."

संगीत सुरू झाल्यावर पहिलं मिनिटभर सगळं ठीक चाललं. मग लुट्झ आली. टोक रोवलं तेव्हा निम्मंच रुतलं. हवेत तीन गिरक्यांसाठी जेवढी उंची लागते तेवढी मिळाली नाही, आणि उजवा पाय अर्धवट वळलेला असतानाच बर्फावर येऊन टेकला. घोटा मोडल्याचा आवाज तिला संगीतातूनही ऐकू आला.

हॉस्पिटलात बूट कापून काढला तेव्हा आनेली शेजारी होती. तिनं पातं हातात घेतलं, उलटं केलं, आणि बघतच राहिली.

"हे कुणी केलं?"

"पप्पाला सांगू नकोस," तूवा म्हणाली. "आनेली, मला शब्द दे."

आनेली फिनलंडची असली तरी तिला इथे वीस वर्षं झाली होती. तिनं श्वास आत ओढला.

बाहेर रोलँड गुडघ्यांवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसला होता. पिशवीत दुसरा स्केट होता. आपण मांडीवर काय घेऊन बसलोय ते याला माहीत नाही, असं तूवाला वाटलं, आणि त्या वाटण्यावर तिनं पुढची सात वर्षं काढली.

घोट्याची दोनदा शस्त्रक्रिया झाली. चालता येईल, उड्या विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. संघ गेला, वय गेलं. तूवा आता घरोघर फिरून म्हाताऱ्यांना आंघोळ घालते, मोजे चढवते, गोळ्या देते. शनिवारी आनेलीबरोबर छोट्या मुलींना शिकवते, कठड्याबाहेर साध्या बुटांत उभी राहून. थंडी वाढणार असली की तिचा घोटा आदल्या दिवशीच सांगतो. "नशीब," असं गाव म्हणालं आणि विषय संपला. निदान बापाला तरी त्याचा भार नाही, हा तिचा आधार होता. दुसरा नव्हताच.

मार्च महिन्यात रोलँड निवृत्त झाला. रविवारी दुपारी हॉलवर कॉफी ठेवली होती, पाव-मासळीचे थर रचलेला सँडविचचा मोठा केक होता, आणि हॉकीच्या म्हाताऱ्या पोरांनी त्याला एक आरामखुर्ची आणली होती. क्लबचा अध्यक्ष भाषणाला उठला. भाषण म्हणजे तीन वाक्यं.

"आणि जाता जाता एक काम, रोलँड," तो हसत म्हणाला. "क्लबनं फिगर स्केटना धार लावायचं नवं यंत्र घेतलंय. या चिमुरड्यांचा एक जोड तुझ्या हातून होऊन जाऊ दे. मुहूर्त म्हणून."

एका मुलीनं आपले पांढरे बूट पुढे केले. रोलँडनं हात मागे घेतले. पोळल्यासारखे.

"नाही," तो म्हणाला. "त्यांना मी हात लावत नाही."

या गावात एवढ्या मोठ्यानं नाही कुणी म्हणत नाही. मग कुणीतरी केक कापायला घेतला. तूवाच्या हातातला कप मात्र तसाच राहिला.

माणसं पांगल्यावर ती टेबलं पुसू लागली. रोलँड खुर्च्या एकावर एक रचत होता.

"पप्पा," ती म्हणाली. "तुला कधी कळलं?"

त्यानं आणखी चार खुर्च्या रचल्या.

"तिथेच. त्या बाकावर. बाकीच्या मुलींचे बूट ओळीनं होते. सगळ्यांना दात होते." त्यानं पाचवी खुर्ची उचलली. "मग तुझे पाहिले."

"मी आत जायच्या आधी?"

त्यानं श्वास आत ओढला.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला माहीत नाही. तूच धार छान झाली म्हणालीस ना. आत्ता सांगितलं तर पोरगी खचेल, बर्फावर पायच ठेवायची नाही. वाटलं, निभावून नेशील." खुर्ची त्याच्या हातातच होती. "सात वर्षं रोज सकाळी उठून तेच आठवतं मला. एक शब्द बोललो असतो तर."

तूवाला ओरडावंसं वाटलं. तू एक शब्द बोलला असतास तर मी तिथेच स्केट सोडून तुझ्या गळ्यात पडून रडले असते. मी त्याचीच वाट बघत होते, कुणीतरी मला थांबवावं म्हणून. पण ते तिच्या तोंडून आलं नाही. आणि तेवढ्यात रोलँडच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. तो सात वर्षं एकाच बाजूनं विचार करत आला होता, दुसरी बाजू त्याला आत्ता दिसली.

"पण तू मला कधी कळलं असं विचारलंस," तो सावकाश म्हणाला. "काय कळलं ते नाही विचारलंस." त्यानं खुर्ची खाली ठेवली. "तूवा. तुला तेव्हाच माहीत होतं?"

नाही म्हणायला हवं होतं. अख्खा शब्द लागला असता, पण तो खर्च करण्याजोगा होता. रिकामा हॉल होता, कठड्यापलीकडे बर्फ होता, आणि समोर चौसष्ट वर्षांचा बाप हात लोंबकळत सोडून उभा होता. माझ्यासाठी तू घासून गेलेला दात घेऊन उडी मारलीस का, एवढंच तो विचारत होता.

तिचे ओठ आपोआप जुळले. तिनं श्वास आत ओढला.

रोलँडनं खुर्ची पुन्हा उचलली, बाकीच्यांवर नीट बसवली आणि पुढची आणायला गेला.