तिच्यासाठी खोली शोधताना

त्या उन्हाळ्यात मी सोलापुरात स्कूटीवरून खोली शोधत फिरत होते. खोली माझ्यासाठी नव्हती. मागे बसलेली मुलगी लवकरच अठरा वर्षांची होणार होती आणि मग तिला बालगृहात ठेवता येणार नव्हतं. मीही त्याच बालगृहात वाढले. आता तिथंच नोकरी करते. बाहेर पडणाऱ्या मुलींची राहायची सोय लावणं हे माझं काम. मुलींची अशी 'सोय लावणं' म्हटलं की मला अजून कसंतरीच होतं.

ही मुलगी सांगोल्याकडची. आईबाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचे. ते वारल्यावर चुलत्यानं हिला आणि धाकट्या बहिणीला आमच्याकडे आणून सोडलं. धाकटी अजून लहान होती, तिला आणखी काही वर्षं आतच काढायची होती.

बालगृहाच्या बैठकीत थोरलीसाठी अकलूजच्या वसतिगृहाचा बेत जवळजवळ ठरला होता. तिथल्या डेअरीत कामही मिळणार होतं. मी मध्येच बोलले. मलाही अठराव्या वर्षी असंच परगावी धाडलं होतं, आणि कित्येक महिने मी स्टँडवर जाऊन सोलापूरच्या गाड्या नुसत्या बघत उभी राहायचे.

"हिला इथंच राहू द्या, बहिणीजवळ," मी म्हणाले. "स्वतःची खोली, आतून लावायला स्वतःची कडी."

"मिळाली तर बघा," आमचे अधीक्षक साहेब म्हणाले. "पण जबाबदारी तुमची."

खोली मिळेना. घरमालक आधी जात विचारायचे, मग आईवडील कुठं असतात ते. खरं सांगितलं की खोली तेवढ्यात दुसऱ्या कुणाला दिलेली असायची. एका बाईंनी चहा पाजला, सगळं ऐकून डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "पण आमच्या घरात वयात आलेली मुलं आहेत हो." बाहेर आल्यावर मी स्कूटीला किक मारतच राहिले. ती बटणावर सुरू होते, हे ध्यानातच आलं नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल शिवायचं काम तिला लागलं होतं. शेवटी त्याच बाजूच्या एका गल्लीत एका तेलुगू बाईंनी होकार दिला. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. नवरा वारलेला, मुलगा भिवंडीला. अक्कांनी तिला एवढंच विचारलं, "नळाला पाणी येतं त्या दिवशी पहाटे उठशील का? मला घागरी उचलवत नाहीत आता."

"उठीन की," ती म्हणाली.

आम्ही मागची खोली चुन्यानं रंगवली. खाट आणली, शेगडी आणली, खिडकीला निळा पडदा लावला. पडदा मीच निवडला. ती गप्प होती. लाजत असेल, असं मला वाटलं.

राहायला जाऊन आठवडाही झाला नसेल. संध्याकाळी मी कामावरून निघाले, तर ती बालगृहाच्या फाटकाबाहेर बसलेली. मांडीवर जेवणाचा डबा, तोही न उघडलेला.

"काय झालं गं?"

"काय न्हाय."

मी शेजारी बसले. डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत ती म्हणाली, "ताई, तितं लई गप असतंय. कडी लावली की दम कोंडतो माझा. पालात आमी सगळी एका वळीला झोपायचो. हितं बी हॉलभर पोरी. एकटी मी कदी झोपलेच न्हाय."

"मग आधी का नाही बोललीस?"

"मला कुणी इचारलं? अकलूजचं बी तुमीच ठरवलं, हे बी तुमीच."

ती रागानं बोलली नाही, म्हणून ते जास्त लागलं. मी उठून येरझारा घालू लागले. भाडं, नळ, कामाचं अंतर, गल्लीतली माणसं, सगळ्यांची मी चौकशी केली होती. ज्या खोलीसाठी मी भांडले, ती मला अठराव्या वर्षी हवी होती.

मी परत तिच्याजवळ आले. "तुला कसं घर पाहिजे?"

तिनं थोडा विचार केला. "झोपताना माणसाचा आवाज याया पायजे. आन् ऐतवारी बहीण आली, तर तिला जेवाय घालता आलं पायजे."

तशाच आम्ही अक्कांकडे गेलो. त्या शेंगा सोलत बसल्या होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "मग खाट माझ्या पुढच्या खोलीत टाका. मी घोरते, ते चालत असेल तर."

मुलगी हसली. ती हसल्याचं मी त्या महिन्यात पहिल्यांदा पाहिलं.

बहिणीच्या रविवारच्या परवानगीसाठी मला ऑफिसांचे बरेच उंबरे झिजवावे लागले. मिळाली तेव्हा थोरलीनं पहिल्यांदा पिठलं केलं. ते खाली लागलं होतं. धाकटीनं तरी दोनदा वाढून घेतलं. मागची खोली काही महिने रिकामीच राहिली. मग आमच्याकडची आणखी एक मुलगी तिथं आली आणि थोरली आणि ती तिकडे एकत्र राहू लागल्या.

आता बैठकीत मुलीलाही खुर्ची असते. यासाठी मला चार लोकांचा वाईटपणा घ्यावा लागला. परवा एकीला कुठं राहायचंय ते विचारलं, तर ती खाली बघून म्हणाली, "मला अजून कळत नाही, मी सांगते नंतर." साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला तर चार पत्ते तोंडपाठ होते, सगळे चांगले. मी खुर्चीत चुळबुळ करत राहिले, पाण्याचा ग्लास इकडून तिकडे सरकवला, आणि म्हणाले, "तिला वेळ द्या."