काडीवरचं की गॅसवरचं

"गॅस! गॅसवर भाजलंय हे वांगं!"

असं ओरडणारा माणूस मीच होतो. एका हातात पुरी, दुसऱ्या हातात भरताचा द्रोण, आणि आवाज असा की पलीकडच्या केळीच्या बागेतले बगळे उठले ते थेट तापीच्या पात्रात जाऊन बसले. डिसेंबरातला रविवार, भर दुपार, आणि जळगावहून भुसावळकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला अक्कांची भरीत-पुरीची टपरी. चाळीस माणसं जेवत होती. चाळीस घास हवेत थांबले. एका गृहस्थांनी द्रोण नाकाशी नेला आणि आपल्याला पहिल्यापासूनच शंका होती अशा चेहऱ्यानं खाली ठेवला. दोन कुटुंबं अर्ध्या पानावरून उठली.

ज्यांना यात एवढं ओरडण्यासारखं काय असं वाटतंय, ते खानदेशातले नाहीत. आमच्याकडे भरताचं वांगं काडीवर भाजतात. कापूस वेचून झाला की शेतात कपाशीची वाळकी झाडं उरतात, त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. त्यांचा भडका करायचा, हाताएवढी लांब हिरवी वांगी त्यात टाकायची, साल कोळशासारखी झाली की सोलायची, आणि लाकडी भांड्यात मिरची-लसूण घालून ठेचायची. तो धूर वांग्यात मुरला नाही तर ते भरीत नाही. गॅसवरचं भरीत म्हणजे नवरदेवाच्या फोटोला हार घालून लग्न उरकण्यासारखं.

अक्का साठीच्या. अंगानं वाळक्या, बोलायला त्याहून वाळक्या. माझ्या ओरडण्यावर त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पातेल्यावर झाकण ठेवलं आणि पुढची पुरी कढईत सोडली. निर्दोष माणूस इतका गप्प बसतो का? मला तिथंच खटकलं.

आता खरी अडचण सांगतो. त्या दिवशी माझ्याबरोबर धुळ्याची माझी मोठी बहीण होती, आणि ती खायला नव्हे, काम ठरवायला आली होती. तिच्या मुलीचा साखरपुडा फेब्रुवारीत जळगावात होता. मुलाकडचे जळगावचेच, भरताच्या बाबतीत कडवे. तीनशे माणसांचं भरीत-पुरीचं जेवण अक्कांना द्यायचं जवळजवळ पक्कं झालं होतं. अक्कांना एवढं मोठं काम आयुष्यात पहिल्यांदा येणार होतं. हे एक नीट पार पडलं तर लोक कार्याला बोलावतील, मग थंडी सरली की लोकांच्या केळीत राबायला जावं लागणार नाही, असं त्यांनी ताईला फोनवर सांगितलं होतं. आयुष्यात त्या सलग एवढं बोलल्या असतील तर त्याच फोनवर.

ताईनं त्यांना "कळवते" एवढंच सांगितलं आणि मला दंडाला धरून गाडीत बसवलं. ती तीस वर्षं धुळ्यात आहे. एरवी आमच्यासारखं बोलते, संतापली की तिकडची बोली वर येते.

"जीभ शे का भोंगा शे?" ती म्हणाली. मग शांत होऊन म्हणाली, "खोटं असेल तर तू त्या बाईच्या पोटावर पाय दिलास. खरं असेल तर व्याही जन्मभर मला ऐकवतील. तीन आठवडे थांबते. खात्री कर."

मी खात्रीच करत होतो, जन्मल्यापासून. माझ्या जिभेबद्दल स्वतः बोलू नये, पण दुसरं कोणी बोलत नाही म्हणून बोलतो. केळ्याचा एक घास घेऊन ते कोणत्या विहिरीच्या पाण्यावर पिकलं हे मी सांगतो, आणि विहिरीत कासव असेल तर तेही. धुळ्यात एकदा शेवभाजीचा पहिला घास घेतला आणि आचाऱ्याला सांगितलं, आज घरी भांडून आलास. तो रडायला लागला. रस्सा तिखट होता म्हणून रडला असं बायको म्हणते, पण ती मुळातच शंकेखोर आहे.

लोक रविवारी फिरायला जातात, आम्ही तपासाला जातो. धरणगावच्या बाजूला एकाकडे गुळाची जिलेबी मिळते असं कळलं, तर ती गुळाचीच की साखरेला रंग दिलेला, हे पाहायला मी पावशेर जिलेबी ग्लासभर पाण्यात बुडवून त्याच्या दुकानासमोर तासभर बसलो. त्यानं मला गिऱ्हाईक समजून दुसरा ग्लास दिला. केळ्याच्या वेफर्सचा पिवळेपणा मला कायम संशयास्पद वाटत आलाय. एकदा ते पांढऱ्या रुमालावर चोळून पाहिले तर रुमाल पिवळाजर्द. मी दुकानदाराला फैलावर घेतलं, गर्दी जमवली, आणि मग बायकोनं माझ्या खिशातून भंडाऱ्याची पुडी काढून दाखवली. ती सकाळी देवळातून मीच आणली होती. तेवढा एक अपवाद. त्या दुकानाच्या बाजूनं आम्ही आता जात नाही, लांबून वळसा घालतो.

तर तपास सुरू झाला. त्याआधी मी एक गाढवपणा करून बसलो होतो, तो सांगतो. त्याच दिवशी घरी पोचण्याआधी मी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं होतं, 'सावधान, अमुक ठिकाणचं भरीत गॅसवरचं.' कॉलनीत भरताबाबत माझा शब्द चालतो. पुढच्या रविवारी आम्ही मुक्ताईनगरला दर्शनाला गेलो आणि येताना अक्कांकडे थांबलो, तेव्हा जिथं बसायला जागा मिळायची नाही तिथं सहाच माणसं होती. सगळी बाहेरगावची, म्हणजे ज्यांना काही फरक कळत नाही अशी.

मी बायकोला पुरी खायला बसवलं आणि हात धुण्याच्या निमित्तानं मागे गेलो. मागे गोणपाटाखाली काहीतरी गोल, उभं, दडवून ठेवलेलं. मी गोणपाट उचलला. लाल सिलेंडर.

माझ्या छातीत जो आनंद झाला त्याची मला आज थोडी लाज वाटते. थोडीच.

मागे वळलो तर अक्का उभ्या. हातात झारा. त्या म्हणाल्या, "पुऱ्यांले लागतो तो, भाऊ." आणि गेल्या. मी काही विचारलं नव्हतं. न विचारता दिलेलं उत्तर हा माझ्या मते अर्धा कबुलीजबाब असतो. बायको म्हणाली, सिलेंडरला हात लावलेला माणूस दिसला तर कोणीही सांगेल. मी म्हटलं, हेच तर, ती कोणीही आहे का?

त्याच्या पुढच्या रविवारी आणखी एक गोष्ट नजरेत आली. दर वर्षी टपरीच्या मागे पऱ्हाट्यांचा ढीग असायचा, असा की त्यावर चढलं तर सातपुडा दिसेल, आणि दिवस स्वच्छ असेल तर सातपुड्यापलीकडचा मध्य प्रदेशही. या वर्षी ढीग नव्हता. जमिनीवर एक काटकी नाही. काडी नाही आणि भरीत मात्र रोज. मी ताईला फोन केला. ती म्हणाली, ढीग नाही म्हणजे नाही, पण तू भाजताना पाहिलंस का? नाही म्हटलं. मग पाहा आणि फोन कर, एक आठवडा राहिलाय, केटरिंगवाला मागे लागलाय, तो पावभाजी आणि नूडल्सचा काउंटर म्हणतोय.

खानदेशातल्या साखरपुड्यात नूडल्स. माझ्या अंगावर काटा आला.

तिसऱ्या रविवारी आम्ही पहाटे पाचला स्कूटरवरून निघालो. थंडी अशी की हॉर्न वाजवला तर आवाज बाहेर यायला कुचरत होता. स्कूटर रस्त्याकडेला लावली आणि टपरीच्या मागच्या केळीच्या बागेत शिरलो. बायको का आली असं कोणी विचारेल. ती म्हणाली होती, तुम्ही एकटे जाऊन काहीही पाहून याल. केळीच्या पानांवरून दव मानेत पडत होतं आणि प्रत्येक थेंब मोजून माझ्याच मानेत. मी मनात सगळं जुळवून ठेवलं होतं. अक्का येणार, गोणपाट काढणार, शेगडी पेटवणार, मी मोबाईलवर व्हिडिओ घेणार.

उजाडता उजाडता अक्का आल्या. डोक्यावर काड्यांचा भला मोठा भारा. मागे नाही, पुढे नाही, कोणी बरोबर नाही. भारा टाकला, पाठीला हात लावून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग टोपलीतली वांगी काढून एकेकाला सुरीनं टोचे मारायला बसल्या. टोचे मारले नाहीत तर वांगं जाळात फुटतं आणि चटका भाजणाऱ्याला बसतो. त्यांच्या हातावर जुने डाग आहेत, ते मी इतकी वर्षं पाहून कधी पाहिले नव्हते. मग काड्या पसरल्या, वांगी ठेवली, वर काड्या टाकल्या आणि पेटवलं. जाळ धडधडून उठला. धूर सरळ आमच्याकडे आला. बायकोला ठसका लागला, तो तिनं दाबला नाही. मुद्दाम दाबला नाही, असा माझा संशय आहे.

अक्कांनी बागेकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "थंडी वाजीन तठी. शेकाले या."

आम्ही बाहेर आलो. पायांना चिखल, डोक्यावर केळीचा पाला, हातात चालू व्हिडिओ. त्यांनी एक वांगं जाळातून ओढून, सोलून, मीठ लावून पानावर आमच्यापुढे ठेवलं. मी खाल्लं. धूर होता, पण तो नव्हता. थोडा हलका, थोडा गोडसर. मी हळूच विचारलं, अक्का, या पऱ्हाट्या कुठल्या?

पऱ्हाट्या नव्हत्याच. त्यांनी तुटक तुटक जे सांगितलं ते असं. ज्यांच्या शेतातून त्या दर वर्षी काड्या आणायच्या, त्यांनी या वर्षी बोंडअळीच्या धाकानं ट्रॅक्टरला यंत्र लावून उभी कपाशी बारीक करून जमिनीत गाडली. आजूबाजूच्या सगळ्यांनी तेच केलं. म्हणून या वर्षी तुरीच्या काड्या, त्याही दोन कोसांवरून, त्या दिवसापुरत्या डोक्यावर आणायच्या. ढीग लावायला उरतातच कुठे.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. माझी जीभ चुकली नव्हती! तिनं सांगितलं होतं की ही कपाशी नाही. तूर होती, बरोबर. गॅस हा शब्द तोंडानं आपल्या मनानं घातला. जीभ आणि तोंड हे वेगवेगळे अवयव आहेत, आणि तोंडाच्या गुन्ह्यासाठी जिभेला शिक्षा नको, हे मी परतीच्या वाटेवर बायकोला दोनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, गाडी चालवा.

ताईला फोन केला. शपथेवर सांगितलं, डोळ्यांनी पाहिलं, काडीवरचं आहे, काम अक्कांनाच दे. ती मग म्हणाली, देते, पण त्या दिवशी तू पहिला घास घेऊन काही बोललास तर तुला पंगतीतून उठवीन. ग्रुपवरही मी दुरुस्ती टाकली, चांगली लांबलचक. त्यावर एक अंगठा आला. तोही माझ्याच मेहुण्याचा. टपरीवरची गर्दी काही लगेच परतली नाही.

म्हणून साखरपुड्याच्या दिवशी माझा जीव भांड्यात नव्हता. हॉलच्या मागच्या मोकळ्या जागेत अक्कांनी सकाळपासून जाळ लावला होता, गावाकडच्या चार बाया मदतीला. पहिली पंगत बसली. व्याही म्हणजे सहा फुटी, गंभीर माणूस. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले. मी श्वास धरला. इतका वेळ धरला की शेजारच्या पंगतीतली आजी मला पाणी घेऊन आली. डोळे उघडून व्याह्यांनी नुसता द्रोण पुढे केला. मग पुन्हा केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा ताईनं तिकडून माझ्याकडे पाहिलं आणि तिच्या लग्नानंतर पहिल्यांदा मला हसून दाखवलं. जेवण संपायच्या आत तिघांनी अक्कांचा नंबर घेतला. एकाकडे मार्चमध्ये मुंज होती, एकाकडे वास्तुशांत. तिसऱ्याकडे काहीच नव्हतं, पण तो म्हणाला, काढू काहीतरी.

पंगती उठल्यावर मी मागे गेलो. मला मन मोकळं करायचं होतं, आणि ते मी हळू आवाजात कधी केलेलं नाही. मदतीच्या चार बाया, दोन वाढपी आणि ताई, सगळ्यांच्या देखत मी अक्कांपुढे हात जोडले. म्हटलं, अक्का, भर गर्दीत तुमच्यावर खोटा आळ घेतला. तुमची गिऱ्हाइकं उठवली. ग्रुपवर नाव घालवलं. केळीत लपून पाळत ठेवली. तुमच्या हातचं अन्न म्हणजे काय हे कळायला मला तीन रविवार लागले. तुम्ही त्या दिवशी एक शब्द बोलला नाहीत, तो तुमचा मोठेपणा. मला माफ करा.  वाढपी हलले असावेत, कारण एकानं बादली खाली ठेवली.

अक्का लाकडी भांड्याच्या तळाचं भरीत उलथण्यानं खरवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "त्या रविवारी गॅसच व्हता, भाऊ. काड्या वल्ल्या व्हत्या."