क्राऊन-पिनियन आणि नेसरीचा रस्ता
गिअर ऑइलचा तो उग्र, गंधकासारखा वास आला की मला कोल्हापूरच्या विमानतळाची तापलेली धावपट्टी आठवते. सत्तरच्या दशकात हौशी लोक तिथं मोटारींच्या शर्यती लावायचे. मागच्या ॲक्सलमध्ये किती दातांचं क्राऊन-पिनियन, म्हणजे चाकं फिरवणारी गिअरची जोडी, बसवायची, यावर अशाच एका शर्यतीआधी आमच्या ह्यांनी आठवडाभर डोकं खाजवलं. शर्यतीला जोरदार उचल देणारा रेशो, म्हणजे त्या दातांचं प्रमाण, हवा, पण तो बसवला की हमरस्त्यावर इंजिन नुसतं किंचाळतं, गाडी पळत नाही. आणि मला तर शर्यत संपली की त्याच संध्याकाळी त्याच गाडीतून नेसरीला माहेरी जायचं होतं. शेवटी ह्यांनी मधला रेशो बसवला आणि बोनेटभर अंतरानं हरले. नेसरीच्या रस्त्याला लागून बघते तर जिंकलेली गाडी आमच्या पुढंच, इंजिन बोंबलत रखडत चाललेली. मी म्हटलं, "अहो, काढा की पुढं. कळू दे त्याला." ह्यांनी उलट पाय सैल सोडला. "आज त्यो जिंकलाय न्हवं? मग आज त्योच पुढं." तो कागलला वळेपर्यंत आम्ही त्याच्या मागं धूर खात गेलो, आणि त्याला ते कधी कळलंसुद्धा नाही. आता गाडी मी चालवते. पुढं कुणी रेंगाळलं की हात हॉर्नकडं जातो, आणि तसाच परत येतो.